हिरा खरा, पण कोणत्या खोबणीसाठी?

जुन्या फोनोग्राफास हिऱ्याची अथवा नीलमाची सुई बसविली की तबकडीच्या आयुष्याची चिंता मिटली, असा समज हौशी संग्राहकांत आढळतो आणि काही विक्रेते तो हेतुतः जोपासतात. आम्हांस तो सर्वथा अमान्य आहे.

रत्न कठीण असते. म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. ग्रामोफोनच्या लाखेच्या तबकडीत दगडाची पूड असे. पोलादी पिन पहिल्या फेऱ्यांतच घासून खोबणीचा आकार घेई आणि एक बाजू वाजली की टाकून द्यावी लागे. झिजण्याचे काम पिनेकडे होते. जड साउंडबॉक्सखालचे रत्न झिजावयास तयार नसते. मग झीज कोणी सोसावी? (विजेच्या पिकपमधील, अवघ्या काही ग्रॅम भाराचा, योग्य जाडीचा हिरा ही गोष्ट निराळी.)

एडिसनने १९१२ साली हिऱ्याची सुई आणली, तेव्हा तबकडीही निराळी घडविली: पाव इंच जाड, मिनिटास ८० फेऱ्यांची, नाद खोबणीच्या तळाशी चढउतारांनी कोरलेला. सुई पुढे सरकविण्याचे कामसुद्धा यंत्रातील दातेरी चाके करीत. हा सारा संसार एकत्र होता; त्यातला हिरा तेवढा उचलून आणणे म्हणजे अडाणीपणा.

मेणाच्या नळकांड्यांचे तर विचारूच नये. दोन मिनिटांच्या नळकांड्यावर इंचास १०० खोबणी, चार मिनिटांच्यावर २००. दोहोंस नीलमच, पण जाडी वेगवेगळी. सेल्युलॉइडच्या निळ्या नळकांड्यांसाठी केलेला हिरा मेणावर चालविला, तर तो खोबणी नांगरून काढतो. टवका उडालेले रत्न म्हणजे तर पटाशीच!

बोटात नीलम घालण्यापूर्वी तो लाभतो की नाही, हे पाहण्यास काही रात्री उशाखाली ठेवणारे आपण लोक. सुईतला नीलम मात्र भिंगाखाली धरून पाहत नाही.

उलट प्रमादही तितकाच घातक. कलकत्त्याच्या एच. बोस यांची मुद्रणे पाथे कंपनीने तबकड्यांवर काढली होती. त्यांत रवींद्रनाथांचाही आवाज होता. त्या तबकड्यांस नीलमाची गोल टोकाची सुई लागते. साधी तबकडी समजून त्यांवर पोलादी पिन टेकविली, तर गेलेला स्वर कोणत्या बाजारात मिळणार?

केरीच्या केसरबाईंचे गाणे १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात धाडले, तेव्हा तबकडीसोबत सुई दिली आणि ती कशी ठेवावी याची आकृतीही वेष्टनावर कोरली. अज्ञात श्रोत्यासाठी एवढी दक्षता! येथे विक्रेत्यास निदान एक प्रश्न विचारावा: खोबणी चढउताराची की आडव्या वळणांची? त्यास उत्तर देता आले नाही, तर तबकडी पाकिटातच राहू द्यावी.