देवळालीचे शून्य

नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेल्या द. रा. कापरेकरांनी १९४९ साली ६१७४ या संख्येची गंमत जगापुढे मांडली. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, चारही अंक तेवढे सारखे नसावेत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, उत्तरावर पुन्हा तेच. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तेथून सुटका नाही.

असली कोडी आज मुले संगणकावर सोडवतात. एरिक वॉस्टल या अमेरिकी प्रोग्रामरने २०१५ पासून ‘अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड’ नावाने डिसेंबरात रोज एक कोडे देण्याचा रिवाज पाडला. (२०२५ साली ती पंचविसांवरून बारांवर आली, हे बरेच झाले.) आपल्याकडे कोडे सकाळी साडेदहाला उघडते. म्हणून मुले आदल्या रात्रीच तयारी करून ठेवतात: रोजचे वेगळे फोल्डर, फाइल वाचणारा तयार कोड, नमुन्याचे उत्तर ताडून पाहणारी चाचणी. या चौकटीला ती टेम्प्लेट म्हणतात. छापील व्हाउचरांवर उमेद घालवलेल्या माझ्यासारख्या बँकवाल्याला हे न पटले तरच नवल. तारीख कुठे, रक्कम कुठे, सही कुठे, हे रोज नव्याने ठरवावे लागले असते तर संध्याकाळी कॅश जुळली नसती.

पण व्हाउचर छापणारा रक्कम आधीच भरून ठेवत नाही! आमच्या गंगापूर रोडवरच्या एका विद्यार्थ्याच्या चौकटीत संख्येचे अंक सुटे करून देणारे तयार फंक्शन आहे. त्याला १००० देऊन पाहा. १००० वजा ०००१ म्हणजे ९९९. कापरेकरांच्या रीतीने ते ०९९९ धरायचे. मग ९९९० वजा ०९९९, आणि पाचव्या पायरीला ६१७४ हजर. फंक्शनला मात्र तीनच अंक दिसतात. ९९९ वजा ९९९, बाकी शून्य. खेळ खलास. फंक्शन चुकीचे नाही, ते कोडे वाचण्याआधी लिहिलेले आहे, इतकेच. हीच मुले उद्या बँकांची सॉफ्टवेअरे लिहिणार आहेत, आणि खातेक्रमांकांच्या आरंभीही शून्ये असतात.

चौकट असावी, पण चार-पाच कोडी हाताने सोडवून झाल्यावर, जे खरोखरच रोज लागले तेवढ्याचीच. मित्राची उचलून आणू नये. नमुन्याची चाचणी मात्र पहिल्या दिवसापासून हवी, आणि कोड्यात दिलेल्या नमुन्याखाली एखादा १००० आपण आपल्या हाताने लिहावा.