कॉलेज सुटतं तेव्हा सिस्टमला कळतं का? एबीसी, अपार आणि एका न आलेल्या फोनची गोष्ट

जून-जुलैत धायरी-नऱ्हे भागात एक चक्कर मारली, की विजेच्या प्रत्येक खांबावर तोच मजकूर दिसतो: 'कॉट बेसिसवर रूम मिळेल', 'मेस सुरू आहे'. सोलापूर, बीड, लातूर, जळगावकडची मुलं-मुली बॅगा घेऊन उतरतात आणि आठवड्याभरात सगळ्या रूम भरतात. जानेवारीत पुन्हा बघा. त्यातल्या काही कॉट रिकाम्या झालेल्या असतात. रूममालक नवीन माणूस शोधतो, मेसवाले वहीतलं नाव खोडतात आणि कॉलेजच्या हजेरीत त्या नावापुढे गैरहजेरी वाढत जाते. विषय संपला.

माझ्याच रूमवरचा एक मित्र २०१८-१९ मध्ये असा गेला. फायनल इयरला होता, एकही बॅक नव्हता. शिष्यवृत्ती आली नाही, फी थकली, परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख निघून गेली. 'घरी जाऊन येतो' म्हणाला आणि परत आलाच नाही. पाच-सहा महिन्यांनी कळलं की पैसे आले होते. गावाकडच्या बँकेत, दहावीत असताना वडिलांनी उघडून दिलेल्या खात्यात. त्याचा आधार त्या जुन्या खात्याला जोडलेला होता आणि बँकेचा एसएमएस ज्या नंबरवर जायचा, तो नंबर केव्हाच बंद झाला होता.

त्याचं कॉलेज ज्या गोष्टीमुळे सुटलं, ती समजावून सांगायला दहा मिनिटं पुरली असती. पण सांगणारं कोणी नव्हतं. मी शेजारच्या कॉटवर बसून कोडिंग शिकत होतो आणि मलाही हे माहीत नव्हतं.

आज परिस्थिती बदलली आहे का? कागदावर तरी खूप. बघूया.

आपण नेमकं कोणाला मोजतो?

उच्च शिक्षणाची चर्चा निघाली की एक आकडा हमखास येतो: जीईआर. १८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येच्या तुलनेत किती जण कॉलेजात आहेत, त्याची ही टक्केवारी. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या सर्वेक्षणात देशाचा आकडा २८.४ टक्के होता आणि एकूण प्रवेश सुमारे ४.३३ कोटी. नवीन शैक्षणिक धोरणाचं लक्ष्य आहे २०३५ पर्यंत ५० टक्के.

पण हा आकडा प्रवेशाचा आहे. अ‍ॅप किती जणांनी डाउनलोड केलं, एवढंच तो सांगतो. किती जणांनी महिन्याभरात अनइन्स्टॉल केलं, ते त्यात दिसत नाही. कुठल्याही स्टार्टअपमध्ये दुसरा आकडा विचारल्याशिवाय मीटिंग संपत नाही. कॉलेजच्या बाबतीत मात्र आपण पहिल्या आकड्यावरच खूश असतो.

एबीसी आणि अपार म्हणजे काय?

जुलै २०२१ मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे एबीसी, सुरू झाली. कल्पना बँकेच्या खात्यासारखीच आहे. तुम्ही एखादा विषय पास झालात की त्याचे क्रेडिट तुमच्या खात्यात जमा होतात. कॉलेज बदललं किंवा मध्ये थांबावं लागलं, तरी ते जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. हे खातं डिजिलॉकरमधून उघडतं. अपार आयडी हा त्याच्याशी जोडलेला, विद्यार्थ्याचा १२ अंकी कायमचा नंबर.

याच्याच जोडीला 'मल्टिपल एंट्री, मल्टिपल एक्झिट' आलं. यूजीसीच्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षाचे ४० क्रेडिट आणि वर ४ क्रेडिटचा एक व्यावसायिक कोर्स पूर्ण केला, तर बाहेर पडताना सर्टिफिकेट मिळतं. दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी डिग्री. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत डिग्री पूर्ण करता येते. महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांमध्ये नवीन धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून सुरू झाले. इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निक आणि फार्मसीचे नियम वेगळे असू शकतात, त्यामुळे ते आपापल्या कॉलेजात विचारून घ्या.

ही व्यवस्था चांगली आहे, यात वाद नाही. आधी दोन वर्षं शिकून सोडणारा 'बारावी पास'च राहायचा. आता निदान शिकलेलं वाया जात नाही.

मग अडकतं कुठे?

पहिली गोष्ट म्हणजे क्रेडिट आपोआप जमा होत नाहीत. ते तुमच्या संस्थेने अपलोड करावे लागतात. खातं उघडलंय पण आत शून्य, असं असेल तर तिकडून डेटा गेलेला नसतो किंवा तुमची माहिती जुळलेली नसते.

दुसरी गोष्ट खास आपल्याकडची: नाव. अनेकांच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. आधारवर आडनाव शेवटी. कुठे वडिलांचं नाव गायब, कुठे 'राव' जास्तीचा. माणसाला ही एकच व्यक्ती वाटते, पण सॉफ्टवेअरच्या लेखी ती दोन वेगळी नावं असतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एबीसी परत येण्याची सोय करते. जाणाऱ्याला थांबवणं हे तिचं कामच नाही. माझ्या मित्राला सर्टिफिकेट घेऊन सन्मानाने बाहेर पडायचं नव्हतं, त्याला डिग्री पूर्ण करायची होती.

एआय आधीच ओळखेल का, कोण सोडणार ते?

हा प्रश्न आता प्रत्येक एज्युकेशन कॉन्फरन्समध्ये येतो. हजेरी, मार्क, फी यांचा डेटा मॉडेलला द्यायचा आणि त्याने सांगायचं की हा विद्यार्थी 'हाय रिस्क'. अमेरिकेत हे बरीच वर्षं चालू आहे, त्यामुळे निकालही बघता येतात.

विस्कॉन्सिन राज्यात शाळांसाठी अशी सिस्टम २०१२ पासून आहे. 'द मार्कअप' या संस्थेच्या पत्रकारांनी २०२३ मध्ये ती तपासली. ज्यांच्याबद्दल 'हा वेळेत पास होणार नाही' असं सिस्टम म्हणत होती, त्यातले जवळपास तीन चतुर्थांश अंदाज चुकले होते. चुकीचा शिक्का कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांवर जास्त बसत होता. आपल्याकडे हेच मॉडेल जात, तालुका किंवा शाळेचं माध्यम बघून शिकलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

दुसरीकडे अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीने २०१६ मध्ये एक साधा चॅटबॉट आणला. प्रवेश घेतलेल्या मुलांना तो एसएमएस करायचा: हा फॉर्म राहिलाय, ही तारीख जवळ आली. मुलं रात्री-बेरात्री प्रश्न विचारायची. बॉटला उत्तर आलं नाही तर प्रश्न माणसाकडे जायचा. प्रवेश घेऊनही पहिल्या दिवशी न येणाऱ्यांचं प्रमाण त्या उन्हाळ्यात साधारण २१ टक्क्यांनी घटलं. थोड्याशा फीसाठी नाव कमी होऊ नये म्हणून तिथे छोट्या रकमेची मदतही दिली जाते.

दोन्हीकडे डेटा होता. फरक एवढाच, की एकीकडे त्यातून मुलावर लेबल लागलं आणि दुसरीकडे मुलाला मेसेज गेला.

मुलं टिकतात कशामुळे?

याचं सगळ्यात भक्कम उत्तर न्यूयॉर्कमधून आलं. तिथे 'कम्युनिटी कॉलेज' असतात: दोन वर्षांची, कमी फीची, घराजवळची. आपल्याकडे त्यांच्या जवळचं म्हणजे पॉलिटेक्निक, किंवा नोकरी सांभाळून बीकॉम करता येईल असं गावातलं कॉलेज. तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये 'एएसएपी' नावाचा कार्यक्रम सुरू केला. मुलांना मेट्रोचा पास, पुस्तकं, फीमध्ये कमी पडणारी रक्कम आणि एक सल्लागार द्यायचे. सल्लागाराकडे मोजकेच विद्यार्थी असायचे आणि त्याला नियमित भेटणं बंधनकारक होतं.

मग संशोधकांनी लॉटरी पद्धतीने दोन गट करून तुलना केली. तीन वर्षांत डिग्री पूर्ण करणारे एरवी सुमारे २२ टक्के होते, या कार्यक्रमात ४० टक्के. ओहायोत हाच प्रयोग झाला, तिथेही सुमारे १९ विरुद्ध ३५ टक्के.

पुण्याला यात नवीन काय आहे? आपल्या आजोबांच्या पिढीत गरीब मुलं इथे वार लावून जेवायची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि मुलांनी काम करून शिकावं असं वसतिगृह उभं केलं. पुणे विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजना आजही त्यांच्याच नावाने चालते. ग्रामीण मुलांना राहायला जागा देणारी विद्यार्थी सहायक समिती पुण्यात १९५५ पासून आहे. झोपायला जागा, दोन वेळचं जेवण, थोडं काम आणि विचारपूस करणारं कोणीतरी. न्यूयॉर्कने संशोधन करून सिद्ध केलेला फॉर्म्युला आपल्याकडे आधीपासून आहे. फक्त धायरीतल्या कॉट बेसिसवर तो पोहोचत नाही, कारण तिथे पहिल्या तीन गोष्टी पैसे देऊन मिळतात आणि चौथी मिळतच नाही.

कॉलेज उद्यापासून काय करू शकतं?

इंजिनिअर म्हणून सांगतो, यासाठी एआयची गरज नाही. बहुतेक कॉलेजांकडे हजेरी आणि फीचं सॉफ्टवेअर असतं. त्यात दर सोमवारी एक यादी काढायची: सलग दहा दिवस गैरहजर, किंवा परीक्षा फॉर्मची मुदत तीन दिवसांवर आली तरी फॉर्म नाही, किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज 'परत पाठवला' असा दिसतोय. ही दहा ओळींची क्वेरी आहे, एका दुपारचं काम.

अवघड काम त्यानंतरचं. त्या यादीतल्या प्रत्येकाला एका माणसाने फोन करायचा आणि '७५ टक्के हजेरी नाही, वायडी लागेल' असं न सांगता 'काय झालं?' असं विचारायचं. यासाठी पगारी माणूस लागतो. सॉफ्टवेअरवर खर्च करताना नेमका हाच खर्च राहून जातो, आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथेच आहे.

तुमच्या हातात काय आहे?

हे पाच मुद्दे फोन हातात आहे तोवर तपासून टाका.

१. आधारचं बँक सीडिंग. मायआधार पोर्टलवर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. तिथे दिसणाऱ्या बँकेतच सरकारी पैसे जातात. आधार दोन-तीन बँकांत दिलेला असला, तरी पैसे घेणारी बँक एकच असते. ते खातं चालू आहे ना आणि एसएमएस तुमच्याच नंबरवर येतो ना, हे बघा.

२. महाडीबीटीचं नूतनीकरण. शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी भरावा लागतो. 'गेल्या वर्षी मंजूर झाला होता' हे पुरेसं नाही. महिन्यातून एकदा स्टेटस बघा, कारण त्रुटी निघाली तर अर्ज तुमच्याकडेच परत येतो.

३. तुमच्यासाठीच्या योजना. कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक कोर्सला प्रवेश मिळाला असेल, तर २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना वसतिगृह मिळालं नाही, तर स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकते.

४. एबीसीचं खातं. डिजिलॉकरमध्ये उघडून क्रेडिट दिसतात का बघा. दिसत नसतील तर आत्ताच कॉलेजच्या परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या. कॉलेज सोडल्यावर हेच काम दहापट अवघड होतं.

५. सोडावंच लागलं तर. न सांगता जाऊ नका. ज्या सेमिस्टर पास झालात त्यांच्या मार्कशीट घ्या. यूजीसीच्या २०१८ च्या आदेशानुसार कॉलेजने मूळ प्रमाणपत्रं पडताळून परत द्यायची असतात, स्वतःकडे अडकवून ठेवायची नसतात. नोकरी करत शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून त्यासाठीच आहे. आणि प्रश्न पैशांपेक्षा मनाचा असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर २४ तास मोफत चालतो.

माझा मित्र आता गावाकडे मोबाईल रिपेअरिंगचं दुकान चालवतो. धंदा बरा आहे, तक्रार नाही. पण कुठलाही फॉर्म भरताना 'शिक्षण' या रकान्यात तो अजून 'बारावी' लिहितो.

तुमच्या रूमवर, तुमच्या बेंचवर कोणी आठ-दहा दिवसांपासून दिसत नसेल, तर वरचा पहिला मुद्दा त्याला किंवा तिला फॉरवर्ड करा. त्याआधी एक फोन करा. ती सोय अजून कुठल्याच पोर्टलवर आलेली नाही.