श्रीलंकेत पडलेल्या पोरांचा हिशेब



राजापेठच्या बैठकीला येताना गावात एक चौकशी करून या. 1987 ते 1990 या काळात आपल्या गावचा कोणी जवान श्रीलंकेत कामी आला काय? आला असेल तर त्याचे नाव गावात कुठे लिहिले आहे?

कारगिलचा दिवस आपण पाळतो, पाळलाच पाहिजे. पण श्रीलंकेचे नाव निघाले की पुढारी घसा खाकरतात. 29 जुलै 1987 ला दिल्ली-कोलंबोचा करार झाला. 'शांतिसेना' असे गोड नाव देऊन फौज समुद्रापार धाडली आणि ऑक्टोबरात तिलाच लिट्टेशी लढायला लावले. याच लिट्टेच्या पोरांना आधी भारत सरकारच्या यंत्रणेने बंदूक चालवायला शिकवले होते! मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर आपले सुमारे बाराशे जवान गेले होते. मद्रासला स्वागतासाठी तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी फिरकलेही नाहीत. कोलंबोजवळ स्मारक झाले 2008 मध्ये. दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारक व्हायला 2019 उजाडले.

मुंबईत जन्मलेले 8 महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987 ला पडले. छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला टिपले. परमवीरचक्र मिळाले, नाव राहिले. साध्या शिपायाचे काय?

"पगारासाठी गेला होता," असे म्हणणारे पांढरपेशे मी अमरावतीत ऐकले आहेत. होय, पगारासाठीही गेला. कोरडवाहू सहा एकरांत पऱ्हाटी आणि ज्वारी पेरून दोन भावांचे भागत नाही, म्हणून एक जण भरतीच्या रांगेत उभा राहतो. त्याने मरण पत्करले ते काय पगारात बसते? उत्पादनखर्चाचे तक्ते मी कॉलेजात घोकले. बियाणे, खत, मजुरी, सारे त्यात येते. पलटणीत गेलेला पोरगा कुठल्याच रकान्यात येत नाही. 1965 साली 'जय जवान, जय किसान' ही घोषणा झाली. ही दोन माणसे एकाच घरची आहेत, हे दिल्लीला कधी उमगलेच नाही. बापाच्या कापसाला भाव नाही, पोराच्या मरणाचा जाब नाही, असा तिचा कारभार!

नाव ठाऊक नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. सापडले की ग्रामसभेत ठराव करा. शाळेच्या भिंतीवर नाव, पलटण, साल, आणि 'श्रीलंका' हा शब्द. नुसते 'शहीद' लिहून जागा गाळू नका. पाटी लावायला आमदाराला बोलावू नका. माय हयात असेल तर तिच्या हातून लावा.