सुईणीला दाराबाहेर ठेवू नका

पावसाळ्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातील कित्येक पाड्यांवरून अडलेल्या बाईला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. रुग्णवाहिका मिळते ती त्यानंतर. अशा घरात कळा सुरू झाल्या की पहिले बोलावणे आजही अनेकदा सुईणीलाच जाते. ‘थांबू या’ म्हणायचे की ‘निघा’, हे ती ठरवते. उशिराची सुरुवात होते ती इथेच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. आकडा चांगलाच आहे. पण उरलेले पाच टक्के राज्यभर सारखे विखुरलेले नाहीत, दुर्गम पाड्यांवर त्यांचे प्रमाण जास्त आहे.

सुईणींना प्रशिक्षण देण्याचा प्रयोग देशाने १९७० च्या दशकापासून केला. स्वच्छ हात, स्वच्छ पाते, स्वच्छ धागा एवढ्याने धनुर्वात कमी व्हायला मदत झाली, त्याला लसीची जोड होतीच. मातामृत्यू मात्र त्या प्रमाणात घटले नाहीत, आणि त्याचे कारण सरळ आहे. बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय आवळले नाही तर रक्त धो-धो वाहते आणि दोन तासांतही जीव जाऊ शकतो. तिथे ऑक्सिटोसिन, सलाइन, रक्ताची पिशवी, प्रसंगी शस्त्रक्रिया लागते. रक्तदाब वाढून झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेट हवे. कितीही अनुभवी हात असले तरी घरात हे जमणारे नाही. पोटावर दाब देऊन बाळ बाहेर काढण्याची रीत तर उघड घातक आहे. त्यामुळे सुईणीने घरी बाळंतपण करावे, असा आग्रह कोणी धरू नये.

पण २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, आशा आल्या आणि सुईण योजनेच्या कागदावरून जवळजवळ पुसली गेली. गावाच्या मनातून ती पुसली गेली नाही. झोळीबरोबर चालत आलेल्या या बाईला प्रसूती कक्षाच्या दारात ‘तुम्ही बाहेर थांबा’ असे सांगितले जाते. आत पावरी बोलणारे कोणी नसते, आणि पहिलटकरीण घाबरून गप्प होते. आदिवासी भागातील ‘माहेरघर’ योजना मुळात उत्तम आहे. तारखेच्या काही दिवस आधी बाई आरोग्य केंद्राजवळ येऊन राहते. पण नाव माहेर आणि ओळखीचे माणूस एकही नाही, मग ती तिथे कशाला थांबेल?

खरे तर नवा नियमही लागत नाही. सरकारी रुग्णालयात बाळंतिणीसोबत एक बाई राहू शकते, आणि तिने स्वतः बाळंतपण अनुभवलेले असावे, असे केंद्र सरकारने २०१६ मध्येच सांगितले आहे. सुईणीइतकी या व्याख्येत बसणारी दुसरी कोण? धोक्याची लक्षणे तिला शिकवावीत, कक्षात बसू द्यावे आणि बाईला वेळेत घेऊन आल्याबद्दल तिची त्या दिवसाची मजुरी द्यावी. घरच्या बाळंतपणाला तिला धान्य, लुगडे, चार पैसे मिळतात. दवाखान्यात आणले की तिच्या हाती काहीच पडत नाही, उलट रोज बुडतो.