न पेरलेली भाजी : पाथरी

शहरांतील भाजीबाजारांत हल्लीं ‘लेट्यूस’ नांवाचा पाला मोठ्या ऐटींत मांडलेला असतो. तो घरीं आणल्यावर, ‘हा कच्चाच कां खावयाचा?’ असा प्रश्न घरच्या वडील मंडळींनीं विचारल्याचा अनुभव आमच्या कित्येक वाचकभगिनींस असेल. उत्तरासाठीं विलायतेस जाण्याचें कारण नाहीं. बीड जिल्ह्यांतील आष्टीच्या रानापर्यंत गेलें तरी पुरे. तेथें रब्बीच्या शेतांत आपोआप उगवणारी पाथरी ही लेट्यूसच्याच गणगोतांतील असून ती कच्ची खाण्याची त्या भागांत जुनी चाल आहे. (परभणीकडील पाथरी गांव निराळें, भूगोलाच्या विद्यार्थ्यांनीं गोंधळूं नये.)

आष्टी तालुका बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोंकास, अहिल्यानगर म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर जिल्ह्यास लागून आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. नगरहून आष्टीस आगगाडी आली ती २०२२ सालीं. सह्याद्रीनें अडवून उरलेला पाऊस जेवढा पूर्वेकडे पोहोंचेल तेवढ्यावर येथील शेती चालावयाची. माळाला मुरूम, सखल भागांत काळी जमीन. परतीचा पाऊस बरा झाला कीं ज्वारी, हरभरा पेरतात, आणि थंडी पडूं लागतांच पिकाच्या तासांमधून, बांधाच्या कडेनें, पाटाच्या ओलीवर पाथरी डोकें वर काढते. वर काढते असें म्हणणें तितकेंसें बरोबर नाहीं, कारण ती जमिनीला चिकटूनच राहते. वरची माती वाळून भेगाळली तरी तिचें सोटमूळ खालच्या ओलीपर्यंत उतरलेलें असतें. अशा प्रदेशांत तिचा निभाव लागतो तो या मुळाच्या बळावर.

तिचीं बहुतेक पानें मुळाच्या माथ्यापासूनच निघून भुईवर चक्राकार पसरलेलीं असतात. पान लांबट, देंठाकडे निमुळतें. दोन्ही कांठ खोल कातरलेले, व त्या कांठांस बारीक पांढरट दांत्यांची किनार. चक्राच्या मधून निघणारे दांडे उभे न राहतां सरपटत जातात आणि जमिनीस टेंकतील तेथें कधीं कधीं नवीं मुळें धरतात. फूल पिवळें, तें सकाळीं उमलतें व ऊन तापलें कीं मिटतें.

हें फूल घरांतील मुलांना उकलून अवश्य दाखवावें. आपण ज्याला एक फूल म्हणतों तो वस्तुतः अनेक चिमुकल्या फुलांचा झुबका असतो. प्रत्येक पिवळी पट्टी हें एक स्वतंत्र फूल. पट्टीच्या टोंकास भिंगांतून पाहिलें तर पांच दांते दिसतात, आणि पांच पाकळ्या जुळून ती झाल्याची खूण पटते. सूर्यफुलांत कडेच्या पट्ट्या व मधल्या नळ्या असे दोन प्रकार असतात. पाथरी, लेट्यूस व कासनी यांच्या गोटांत मात्र सगळ्याच पट्ट्या. दुसरी खूण दुधाची. पान तोडलें कीं पांढरा चीक येतो. लेट्यूसचें शास्त्रीय नांव ‘लॅक्टुका’ हें लॅटिनमधील दूध या अर्थाच्या शब्दावरूनच पडलें आहे. फूल सुकल्यावर बीं पांढऱ्या रेशमी केसांचा झुपका घेऊन वाऱ्यावर निघतें; मुलें तिलाही ‘म्हातारी’ म्हणून फुंकर मारतात. लेट्यूसचें बीं व हा झुपका यांच्यामध्यें चोंचीसारखा बारीक देंठ असतो, पाथरीच्या बियांस तो नसतो. एवढ्याशा भेदामुळें शास्त्रज्ञांनीं दोघींचीं घरें निराळीं ठेवलीं. पाथरीचें ‘लॉनिया प्रोकम्बेन्स’ हें आजचें नांव रामय्या व राजगोपाल यांनीं १९६९ सालीं कायम केलें. त्यापूर्वीं रॉक्सबर्गनें तिला ‘प्रिनँथिस’ या गणांत घातलें होतें.

बागेंतल्या लेट्यूसची पूर्वजही अशीच एक रानटी, कांटेरी वनस्पती. युरोप व पश्चिम आशियांत ती पडीक जमिनींत उगवते, आणि भर उन्हांत आपलीं पानें कडेवर उभीं करून त्यांचीं तोंडें पूर्व-पश्चिमेस ठेवते, म्हणजे दुपारचें ऊन पानावर पुरतें पडत नाहीं. माणसानें पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिचे कांटे घालविले, कडवटपणा कमी केला. ईजिप्तमध्यें सुमारें ४,००० वर्षांपूर्वींच्या कोरीव चित्रांत लेट्यूस दिसतें. पाथरीस असें कोणी वाफ्यांत नेलें नाहीं. तिचा कडवटपणा तिच्यापाशींच राहिला, आणि आम्हांस तो बाजारच्या पांचट पाल्यापेक्षां अधिक रुचतो.

मात्र ओळखींत चूक होतां कामा नये. थंडींत त्याच शेतांत पिवळ्या धोतऱ्याचीं रोपेंही कातरलेल्या पानांचें चक्र करून बसतात. त्यांच्या शिरा पांढऱ्या, कांठ कांटेरी आणि रस पिवळा असतो. तें विषारी आहे. गाजरगवताचें कोंवळें रोपही असेंच भुईसपाट असतें, पण तें मोडल्यास दूध येत नाहीं. उलट केवळ दूध पाहूनही फसूं नये, कारण नायटीसारख्या दुधी वनस्पतींचा चीक दाहक असतो; त्यांचीं पानें लहान व दांड्यावर समोरासमोर असतात. कातरलेलें पान, पांढरें दूध व पिवळें फूल, तिन्ही जुळल्यावांचून भाजी घरांत आणूं नये.

पाथरी फुलावर येण्यापूर्वींच चांगली. कोंवळीं पानें निवडून, धुवून, बारीक चिरून त्यांत मीठ, कांदा, दाण्याचें कूट व कच्चें तेल घातलें कीं घोळाणा झाला. ज्वारीच्या भाकरीबरोबर दुसऱ्या कशाची अपेक्षा राहत नाहीं. कांदा वर्ज्य असलेल्या घरीं तो गाळला तरी चालतो. मूगडाळ घालून शिजवलेली भाजीही बरी लागते. पाथरी घातल्यानें गाईम्हशींचें दूध वाढतें अशी समजूत आहे. पानांतून दूध निघतें एवढ्यावरूनच ती निघाली असावी असा आम्हांस संशय येतो. राहिला ऋषिपंचमीचा प्रश्न. ही नांगरलेल्या शेतांत उगवते खरी, पण कोणी पेरीत नाहीं. ती त्या दिवशीं चालेल कीं नाहीं, याचा निवाडा आम्ही घरोघरच्या आजीबाईंवर सोंपवितों.

आतां मुख्य गोष्ट. खुरप्यानें माथा छाटला तरी जमिनींत राहिलेल्या मुळापासून पाथरी पुन्हा फुटते. त्यामुळें इतक्या पिढ्यांच्या खुरपणीनें ती संपली नाहीं. खुरपणाऱ्या बाया संध्याकाळीं मजुरीबरोबर ओट्यांतून तिचा पाला घरीं नेत, आणि ज्या घरीं भाजी विकत घेणें परवडत नाहीं तेथें तो ताटांत पडे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास निघालेलें ‘टू-फोर-डी’ हें औषध ज्वारी-उंसासारखीं गवतवर्गांतील पिकें राखून रुंद पानांचीं तणें मारतें. १९७४ पासून विक्रीस आलेलें ‘ग्लायफोसेट’ तर पानांतून शोषलें जाऊन थेट मुळापर्यंत उतरतें. जें खुरप्यास साधलें नाहीं तें या औषधांस साधतें. शेतकऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. मजूर मिळत नाहींत, पाऊस भरंवशाचा नाहीं, आणि उंसतोडीसाठीं बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दिवाळीच्या सुमारास गांव सोडतात. परंतु फवारणीनें वांचलेला पैसा ज्या बाईच्या मजुरींतून वांचतो, तिचीच भाजीही त्याबरोबर जाते, हा हिशेब कोणी मांडीत नाहीं.

घेणारासही येथें सावध राहिलें पाहिजे. ग्लायफोसेट फवारलेलें पान लगेच पिवळें पडत नाहीं, कांहीं दिवस तें हिरवेंच दिसतें. आणि आंत शोषलेलें औषध धुण्यानें निघत नाहीं. आठवडेबाजारांत पाथरीची जुडी दिसल्यास ती कोणत्या रानांतली व तेथें फवारणी केव्हां झाली, हें विकणारीस विचारावें. जिनें स्वतः खुडली असेल ती बांधासकट सांगते.