पलीकडचे मेलेले

नोव्हेंबरचा दुसरा रविवार, म्हणजे आमच्या चर्चमध्ये स्मरण रविवार. यंदा प्रार्थना चालवायची पाळी माझी होती. माझा मामा १९७१ च्या युद्धात गेला, त्यामुळे आमच्या घरी हा दिवस जरा जडच जातो. आपल्या जवानांसाठी प्रार्थना झाली आणि मी एक वाक्य जास्तीचं म्हटलं, "पलीकडच्या बाजूला मेलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठीही."

उपासना संपल्यावर एका काकांनी दारातच गाठलं. "आजच्या दिवशी शत्रू कशाला मध्ये आणलास? निदान आईचा तरी विचार करायचास!"

त्यांचा राग मला कळतो. तिथे उत्तर सुचलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीवर बॉम्ब टाकले. ५०० हून जास्त माणसं मेली, कॅथेड्रल जळून गेलं. तिथले मुख्य धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड त्याच नाताळात त्या पडक्या भिंतींमधून रेडिओवर बोलले. सूडाचे विचार मनातून काढायचा प्रयत्न करतोय म्हणाले. पुढे वेदीमागच्या भिंतीवर त्यांनी दोनच शब्द कोरून घेतले. त्यात पित्याकडे क्षमा मागितली आहे, पण कोणासाठी ते लिहिलेलं नाही.

ती मोकळी जागा मला फार मोलाची वाटते. कारण फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेन जाळलं ते ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी. तिथे सुमारे २५ हजार माणसं मेली, फ्राउएनकिर्श हे चर्चही कोसळलं. २००५ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. त्याच्या घुमटावरचा क्रूस घडवणारा लंडनचा कारागीर त्या हल्ल्यातल्या एका वैमानिकाचा मुलगा होता!

शत्रूवर प्रीती करायला येशूने सांगितलं, हे आपण संडे स्कूलपासून ऐकतो. मेलेल्या शत्रूसाठीसुद्धा आपल्याला दोन शब्द जमत नसतील, तर जिवंत शत्रूशी शांतता कशी जमणार? मामाला विसरा असं मी म्हणत नाही. पण फक्त आपलेच मेलेले आठवत राहिलो, तर त्या आठवणीची पुढच्या लढाईची तयारी व्हायला वेळ लागत नाही.

असो. घरी आल्यावर चहा घेताना आईला विचारलं. ती म्हणाली, "तुझं बरोबर असेल रे. पण मला 'आमेन' म्हणता आलं नाही."

पुढच्या वर्षीही मी ते वाक्य म्हणणार आहे. फक्त तिला आधी सांगून.