गच्चीला आधी डॉक्टर दाखवा, औषधवाला नंतर

३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा उरकायची म्हणून सध्या सोसायट्यासोसायट्यांत खुर्च्या मांडल्या जातायत. अजेंडा काहीही असो, गाडी शेवटी गच्चीच्या लीकेजवर येते. वरच्या मजल्यावरचे मेंबर ओल्या छताचे फोटो दाखवतात. खालचे म्हणतात, "गळतंय तुमच्या घरात, पैसे आम्ही का द्यायचे?" मग कुणीतरी ओळखीचा वॉटरप्रूफिंगवाला सुचवतो आणि विषय मंजूर!

मी सहा वर्षं डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहे, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो.

पैसे कुणी द्यायचे हा वादच नाही. गच्ची सामाईक आहे, आणि आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. त्यासाठीच दुरुस्ती निधी आहे, वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के.

खरा घोळ वेगळाच आहे. पाणी कुठून शिरतंय हे ठरवणारा आणि ते बंद करायचे पैसे घेणारा माणूस आपल्याकडे एकच असतो. आम्ही तीन कोटेशन्स मागवली. एक म्हणाला, आहे त्याच्यावर नवा कोबा करा. दुसरा म्हणाला, मेम्ब्रेन टाका. तिसरा म्हणाला, नुसतं केमिकल कोटिंग करा, दहा वर्षांची गॅरंटी. तिघेही गच्चीवर जेमतेम पंधरा मिनिटं होते. ज्याच्या दुकानात जे होतं, तोच आमच्या गच्चीचा आजार निघाला!

शेवटी फी देऊन एक स्वतंत्र कन्सल्टंट बोलावला. सभेत आरडाओरडा झालाच, "नुसतं बघायचे पैसे?" त्याने गच्चीचे भाग पाडून, एकेका भागात दोन-दोन दिवस पाणी भरून ठेवलं आणि खालची छतं तपासली. कोबा बराचसा शाबूत निघाला. पाणी शिरत होतं ते कठड्याच्या कडेचा वाटा फुटला होता तिथून आणि पावसाळी पाइपच्या तोंडापासून. एका घरातली ओल तर पावसाची नव्हतीच, टाकीच्या पाइपची होती. काम सगळ्यात स्वस्त कोटेशनच्या निम्म्यात झालं, कन्सल्टंटची फी धरून.

यात जादू काही नाही. पाणी शिरतं एकीकडे, कोब्याखालून सरकतं आणि टपकतं भलतीकडेच. डाग दिसतो त्याच्या बरोबर वर खोदणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा, वजनाचा. जुन्या कोब्यावर नवा कोबा हा आपला लाडका उपाय. चार इंची कोबा चौरस मीटरला साधारण १८० ते २०० किलो भरतो. ३००० चौरस फुटांच्या गच्चीवर ते झाले ५० टनांच्या आसपास. माणसांच्या वावराची गच्ची डिझाइन करताना भारतीय मानकाप्रमाणे वापराचा भार धरतात चौरस मीटरला सुमारे १५० किलो. म्हणजे ती सगळी सोय एकच जादा कोबा खाऊन टाकतो. त्यात आतली सळई गंजून फुगलेली असेल तर ती काँक्रीट आतून फोडतच असते. मे २०२१ मध्ये उल्हासनगरला दोन आठवड्यांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. तिथली कारणं वेगळी असतील. पण स्लॅब किती सोसेल हे कॉन्ट्रॅक्टरने नजरेने ठरवायचं नसतं, एवढं तरी आपण शिकायला हवं.

"आमचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय की," असं म्हणणाऱ्यांसाठी: उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीला दर ३ वर्षांनी ऑडिट लागतं. ते जरूर करा. पण ते इमारतीच्या ताकदीबद्दल सांगतं. पाणी नेमकं कुठून येतंय हे त्यातून कळेलच असं नाही.

कन्सल्टंट सगळेच धुतल्या तांदळासारखे असतात असंही नाही. काही जण स्वतःचाच कॉन्ट्रॅक्टर घेऊन येतात. म्हणून ठरावातच चार गोष्टी लिहा. फी ठरावीक रकमेची, कामाच्या टक्केवारीवर नाही. कॉन्ट्रॅक्टर आणि मटेरियल कंपनीशी त्याचा संबंध नसल्याचं लेखी घ्या. रिपोर्टमध्ये फोटो, नकाशा आणि कामाची मोजमापं हवीत, म्हणजे तिन्ही कोटेशन्स एकाच कामाची येतील. आणि शेवटचं बिल पुन्हा पाणी भरून चाचणी झाल्यावरच द्या.

नव्या इमारतीतल्यांनी तर हे आजच करावं. ताब्यापासून ५ वर्षांच्या आत निघालेला बांधकामातला दोष कळवल्यावर ३० दिवसांत बिल्डरने स्वखर्चाने दूर करायचा, असं रेरा कायद्याचं कलम १४(३) सांगतं. तिथे व्हॉट्सअॅपवरच्या फोटोंपेक्षा तज्ज्ञाचा रिपोर्ट जास्त वजनदार ठरतो.

यंदाच्या सभेत वॉटरप्रूफिंगचा ठराव आला तर हात वर करण्याआधी एकच प्रश्न विचारा: "निदान कुणी केलं?" उत्तरात कॉन्ट्रॅक्टरचंच नाव आलं, तर ठराव तिथेच थांबवा.

(पटलं तर आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका. सेक्रेटरी थोडे चिडतील, चालतंय.)